एका गोळीची गोष्ट

आमच्या घरात पिढीजात चालत आलेल्या वस्तू फार नाहीत. एक पितळी समई, ज्ञानेश्वरीची एक खिळखिळी प्रत आणि आमच्या वडिलांच्या एका गोळीची गोष्ट. पहिल्या दोहोंची भावाभावांत वाटणी झाली. तिसरी मात्र अविभक्त राहिली, आणि ज्याला सवड सापडेल त्याने ती सांगावी असा प्रघात पडला.

गोष्ट अशी. १९६४ साली, म्हणजे आमच्या जन्मापूर्वी, तीर्थरूप गगनबावड्याकडे एका अशिलाच्या गावी गेले होते. दिवस कलता झाला असताना ओढ्याच्या पलीकडल्या काठावर एक भेकर उभे दिसले. तीर्थरूपांच्या हाती होती बावीसची लहान रायफल. ससे आणि होले मारण्यापलीकडे जिची मजल नाही असे सर्व जाणते समजतात ती. बरोबरचे पाटील हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, ह्या काडीनं काय व्हायचं?" तीर्थरूप बोलले नाहीत. त्यांनी नेम धरला, चाप ओढला आणि भेकर जागच्या जागी बसले. गोळी बरोबर कानाच्या मुळाशी लागली होती. बंदूक लहान की मोठी ह्याला महत्त्व नाही, हात कोणाचा ह्याला आहे, असे तात्पर्य ह्या गोष्टीस जोडलेले असे. ते तीर्थरूपांनी स्वतः जोडले की सांगणारांनी, हे आम्ही कधी विचारले नाही.

त्या काळी परवाना काढून शिकार करता येत असे. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्याने तो प्रकार संपला, आणि संपला हे उत्तमच झाले. आम्ही स्वतः आयुष्यात बंदूक हाती धरलेली नाही. तीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकविणे हाच आमचा धंदा, आणि त्यात कोणी जखमी झाल्याची तक्रार अद्याप आलेली नाही. तरीही ही गोष्ट सांगताना आमचा आवाज थोडा चढतो, असे आमच्या कुटुंबाचे म्हणणे आहे.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडात, नॉरफोकमधल्या एका खेड्यात, गेलो होतो. तिसऱ्या की चौथ्या रात्री बाहेरून भुंकण्याचा आवाज आला. एकेक सुटा, खरखरीत, मध्ये काही क्षण थांबून पुन्हा. मुलगी म्हणाली, "शेजाऱ्यांचा कुत्रा असेल, बाबा." आम्ही अंथरुणात उठून बसलो. कोल्हापूरच्या पश्चिमेस ज्याने एक रात्र काढली आहे त्याला हा आवाज सांगावा लागत नाही. भेकर! "इथेही तुमचे भेकर आले का?" असे म्हणून कुटुंबाने कूस बदलली.

आले होते खरे, पण आमचे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेडफर्डच्या ड्यूकने आपल्या वुबर्नच्या उपवनात शोभेसाठी परदेशची हरणे आणून सोडली. त्यांतली चीनकडची लहान भेकरे, ज्यांना तिकडे मुंटजॅक म्हणतात, बाहेर पडली, काही मुद्दाम सोडली गेली, आणि आता दक्षिण व मध्य इंग्लंडच्या रानांत ती सर्वत्र झाली आहेत. उंचीला कुत्र्याएवढे हे जनावर वर्षाच्या बाराही महिने वितेे. म्हणून इतर हरणांना आहे तशी बंदीची मुदत कायद्याने ह्याला ठेवलेली नाही. ब्लूबेलची फुले आणि झाडांचे कोवळे फुटवे खाऊन ते रानाचा तळ उघडा पाडते. लांडगा आणि लिंक्स त्या देशातून केव्हाच नाहीसे झाले. तेव्हा आवरणार कोण? माणूस, आणि त्याची बंदूक.

मुलीच्या घरापासून जवळच एक वृद्ध गृहस्थ राहत. रानाच्या मालकांसाठी हरणे मारून संख्या आवरणे हे काम ते पुष्कळ वर्षे करीत होते. पूर्वी शाळामास्तर असल्यामुळे असो वा आमच्या प्रश्नांना कंटाळले नाहीत म्हणून असो, आमचे चांगले जमले. एका संध्याकाळी त्यांनी पोलादी कपाट उघडून आपल्या दोन रायफली दाखविल्या. एकीचा व्यास इंचाच्या हजारांश भागांत २४३, दुसरीचा २२३. दुसरी पाहताच आम्हांला तीर्थरूप आठवले. "म्हणजे बावीसच की!" आम्ही म्हणालो. गृहस्थ हसले, आणि त्यांनी दोन काडतुसे आमच्या तळहातावर ठेवली. एक त्या रायफलीचे, करंगळीएवढे लांब व मध्यभागी पितळी खांद्याचे. दुसरे सशाच्या रायफलीचे, वालाच्या दाण्याहून थोडे मोठे. दोहोंच्या गोळीची जाडी जवळजवळ एकच. जाडीवरून गोळीची योग्यता ठरविणे म्हणजे कमरेच्या घेरावरून पंडित ओळखण्यासारखे आहे, हे आम्हांला तेव्हा प्रथम कळले.

गोळीचे बळ तिच्या वजनावर व वेगावर अवलंबून असते, त्यातही वेगावर अधिक. वेग दुप्पट झाला की बळ चौपट होते. इंग्रज हे बळ फूट-पौंडांत मोजतात. एक पौंड वजन एक फूट उचलायला लागते तेवढे एक माप. त्यांच्या १९६३ च्या हरणांच्या कायद्याने ठरविले, की २४० हजारांशांहून बारीक नळीने अथवा १,७०० फूट-पौंडांहून कमी बळाच्या गोळीने हरिण मारू नये. पुढे २००७ साली भेकर आणि चिनी पाणहरिण ह्या दोन बुटक्या जातींपुरती सूट मिळाली: नळी २२० हजारांश, बळ १,००० फूट-पौंड, गोळीचे वजन निदान ५० ग्रेन. तोळा म्हणजे १८० ग्रेन आणि मासा म्हणजे १५, तेव्हा आमच्या सराफी हिशेबाने ही गोळी सव्वातीन मासे आणि वर थोडी. एवढ्याशा धातूवर एका जिवाचे सुखाने वा हालाने मरणे अवलंबून असते. कायद्याची गंमत अशी, की ट्वीड नदीच्या पलीकडे स्कॉटलंडात रो जातीच्या हरणालाही हजार फूट-पौंडांची ही लहान गोळी चालते. तेच हरिण नदी ओलांडून इंग्लंडात उतरले की त्याच्या मरणाची किंमत सतराशे होते.

आणि ते वालाएवढे काडतूस? त्याचे बळ शंभर-सव्वाशे फूट-पौंडांच्या आसपास. त्याने कोणतेही हरिण मारणे त्या देशात गुन्हा आहे. आम्ही ते काडतूस काही वेळ हातात फिरवीत बसलो.

लहान गोळीच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे मात्र वाचकांनी समजू नये. मोठ्या रायफलीचा धक्का खांद्यास बसतो, आणि त्याच्या भीतीने पुष्कळ जण चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात; मिटल्या डोळ्यांची मोठी गोळी उघड्या डोळ्यांच्या लहान गोळीहून केव्हाही वाईट. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले पुष्कळ २७५ च्या रिग्बी रायफलीने, जी आज लोक हरणांसाठी वापरतात. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला बक्षीस मिळाली तीही ह्याच मापाची. अमेरिकेत तर ह्या वादाने मासिकांची कित्येक वर्षे भरून काढली. एका बाजूस एल्मर कीथ हा आयडाहोचा रांगडा गृहस्थ, जड आणि जाड गोळीचा कैवारी. दुसऱ्या बाजूस हलक्या व वेगवान गोळीचा पुरस्कर्ता जॅक ओ'कॉनर, जो काही वर्षे ॲरिझोना विद्यापीठात प्राध्यापक होता. आमचा कल कोणाकडे असणार हे उघड आहे. प्राध्यापकाने प्राध्यापकाची बाजू घ्यावी. पण बेलची स्तुती करणारे एक गोष्ट सांगायला विसरतात. त्याने मेलेल्या हत्तींची मस्तके करवतीने कापून मेंदू नेमका कोठे असतो ह्याचा अभ्यास केला होता. गोळी लहान होती. अभ्यास लहान नव्हता.

पुढच्या शनिवारी पहाटे गृहस्थांनी आम्हांस बरोबर नेले. भेकरांपुरतेच काम असल्यामुळे २२३ ची रायफल घेतली. थंडी अशी की पुण्याचा हिवाळा आम्हांला ओशाळवाणा वाटू लागला. दोन तासांत तीन भेकरे दिसली आणि तिन्ही वेळा त्यांनी रायफल खाली केली. पहिले समोरासमोर उभे होते. छातीच्या हाडावर लहान वेगवान गोळी फुटून वरच्यावर विखुरते आणि खोल जात नाही. दुसरे काटेरी झुडपाआड होते. एखादी काडीही तिला बगल द्यायला लावते. तिसरी मादी, अगदी आडवी उभी, साठ पावलांवर. आम्हांला वाटले, आता बार होणार. तो झाला नाही. तिच्या पोटाकडे बोट दाखवून ते कुजबुजले, की ही नुकतीच व्यालेली दिसते, पाडस जवळपास दडलेले असेल. गाभण मादी मारतील, पण अशी नाही. प्रथम हे आम्हांला उलटे वाटले. मग उपाशी पाडसाचा विचार मनात आला आणि आम्ही गप्प बसलो.

चौथा नर होता. बार झाला. भेकर उडाले आणि झुडपांत शिरले. आम्ही उठू लागलो तो गृहस्थांनी हाताने बसविले, थर्मासमधून चहा ओतला आणि दहा मिनिटे घड्याळाकडे पाहत राहिले. मग त्या जागी गेलो. थोडेसे केस पडले होते. रक्ताचा थेंब नाही. लहान गोळी पुष्कळदा आरपार जात नाही, असे त्यांनी सांगितले. एकच भोक, तेही बारीक. कातडी सरकली की बुजते. जनावराला गोळी वर्मी लागलेली असते, पण मागावर काही सांडत नाही, आणि लागलीच नाही असे समजून माणूस घरी जातो. त्यांनी कुत्री सोडली. चाळीस पावलांवर, ब्रॅम्बलच्या जाळीत, ती शेपूट हलवीत उभी राहिली. भेकर मरून पडले होते.

परतताना, मन मोकळे झाल्यामुळे म्हणा, आम्ही त्यांना तीर्थरूपांच्या गोळीची गोष्ट सांगितली. ओढा, पाटील, कानाचे मूळ, काही गाळले नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे सापडले. बाकीची?"

"बाकीची कोणती?" आम्ही म्हणालो. त्यांनी उत्तर दिले नाही. कुत्रीच्या अंगावरचे काटे काढीत राहिले.

आता आमची फजिती ऐका. दरवर्षी जुलैत पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही बेकनने १६२० च्या ग्रंथात सांगितलेला एक जुना दृष्टान्त शिकवितो. देवळात नवस फेडून बुडण्यातून वाचलेल्यांची चित्रे टांगलेली असतात; ती दाखवून पुजारी विचारतो, आता तरी देवाची शक्ती मानतोस ना? पाहुणा उलट विचारतो, नवस करूनही जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत? तीस वर्षे हा दृष्टान्त आम्ही रंगवून सांगत आलो, मुले हसत आली. आणि आमच्याच दिवाणखान्यात टांगलेले चित्र आम्हांला कधी दिसले नाही.

तीर्थरूप वकील होते. नोंद केल्यावाचून त्यांनी आयुष्यात काही केले नाही. पुण्यास परतल्यावर माळ्यावरची ट्रंक काढून त्यांची शिकारीची वही शोधली. ती तेथे आहे हे आम्हांला ठाऊक होते, पूर्वी एकदा चाळलीही होती, वाचली नव्हती. तारीख, ठिकाण, सावज, अंतर, काडतुसे आणि शेरा असे रकाने. सशांची व होल्यांची पाने भराभर उलटली. भेकरांच्या नोंदी नऊ. १९६४ ची ती प्रसिद्ध नोंद इतरांसारखीच, एका ओळीची: चाळीस पावले, काडतूस एक, "मिळाले." तेवढेच. "मिळाले" हा शेरा आणखी दोन ठिकाणी आहे. बाकी सहा शेरे असे: "लागली. मिळाले नाही." "रक्त थोडे, अंधार पडला." "लागली नसावी." पुन्हा "मिळाले नाही." एका ठिकाणी, "तिसऱ्या दिवशी पाटलांच्या माणसांना वासावरून सापडले. पोटात लागली होती." आणि शेवटचा.

मग आम्हांस आठवले, की ही गोष्ट तीर्थरूपांच्या तोंडून आम्ही एकदाही ऐकलेली नाही. सांगत ते काका, सांगत ते पाटील, पुढे आम्ही भाऊ. गोष्ट सुरू झाली की तीर्थरूप पानाचा डबा आणण्याच्या निमित्ताने आत जात. आम्ही त्याला विनय समजत होतो.

थोरल्या बंधूंना फोन करून नऊ आणि तीन हे आकडे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "वही परत ट्रंकेत ठेव." अद्याप ठेवलेली नाही, टेबलावरच आहे. शेवटची नोंद १९६७ च्या डिसेंबरातली. अंतर सत्तर पावले, काडतुसे दोन. शेरा: "रक्त ओढ्यापर्यंत. पुढे पाणी." त्याखाली निम्मे पान कोरे आहे, आणि पुढच्या पानापासून मातोश्रींच्या अक्षरात धोब्याचा हिशेब सुरू होतो.