डालड्याच्या डब्यातली तुळस

1996 सालची गोष्ट. यांची बदली दिल्लीला होऊन चार वर्षे झाली होती. त्या वर्षी पावसाळ्यात सासरे गेले आणि नोव्हेंबरअखेर चिपळूणच्या घराला कुलूप लावून सासूबाई आमच्याकडे आल्या. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि प्रवासभर मांडीवर धरलेला डालड्याचा डबा. डब्यात दारच्या वृंदावनातली तुळस होती.

"तुळशीचं लग्न झालं आणि उचलून आणली. तिला तिथे पाणी कोण घालणार?" एवढेच आई बोलल्या.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत माझ्या दहा-बारा कुंड्या होत्या आणि बागकाम आपल्याला येते असा माझा समज होता. गंजका डबा काही बरा दिसेना. आईंना छान वाटेल म्हणून त्या दुपारी झोपलेल्या असताना मी नवी मोठी कुंडी घेतली, तुळस डब्यातून काढली, मुळांना चिकटलेली लाल माती झटकून टाकली, नवी माती आणि भरपूर खत घालून रोप लावले. वर तांब्याभर पाणीही घातले. आई उठल्या, कुंडीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "माती कुठे टाकलीस गं?" माती केराच्या डब्यात गेली होती.

आई रोज स्नान झाले की तुळशीला पाणी घालीत. कोकणात ते चालते. तिथली जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही आणि हवा उबदार असते. दिल्लीत डिसेंबरअखेर पारा चार-पाच अंशांवर उतरतो, धुक्यात दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही. कुंडीतली माती ओलीच राहते आणि मुळे कुजतात. संक्रांतीपर्यंत तुळशीची पाने काळी पडून गळाली. उरल्या त्या काड्या आणि सुकलेल्या मंजिऱ्या.

आई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या जेवणावरून लवकर उठू लागल्या, दिवसभर खिडकीशी बसून राहू लागल्या. मी सारखी मागे लागे. "आई, दूध घ्या. आई, खाली फिरायला चला. आई, टीव्ही लावू का?" त्या नुसते "नको" म्हणत.

शेवटी मी घराजवळच्या नर्सरीत गेले. म्हाताऱ्या माळ्याने सगळे ऐकून घेतले आणि हसून म्हणाला, "बहनजी, ठंड में जड़ नहीं छेड़ते." थंडीत तुळशीची वाढच थांबते. तेव्हा कुंडी बदलली, मुळे मोकळी केली, खत घातले, तर रोपाला ते सोसत नाही. कुंडी बदलायची ती फेब्रुवारी सरताना किंवा पावसाळ्यात. तीही मुळांभोवतीची जुनी माती राखून. मग आठ-दहा दिवस सावलीत ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा हात लावायचा नाही.

परत येताना माझ्या मनात तुळस नव्हती, आई होत्या. मुळे उपटून त्यांना इथे आणले होते आणि मी रोज हलवून बघत होते. त्या दिवसापासून मी मागे लागणे सोडले. घरी आल्यावर माझी चूक मात्र त्यांच्यापाशी कबूल केली.

त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि वर्तमानपत्राची पुडी माझ्या हातात दिली. तुळस वाळली तेव्हाच त्यांनी मंजिऱ्या खुडून ठेवल्या होत्या. "थंडी सरू दे. मग बघू," म्हणाल्या.

होळी झाली. आईंनी मंजिऱ्या तळहातावर चोळल्या, मोहरीहूनही बारीक काळपट बी निघाले. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण त्यांनी केले आणि तोच डालड्याचा डबा मागितला. यांनी तळाला खिळ्याने चार भोके पाडून दिली. बी वर पसरून चिमूटभर मातीने झाकले. पाणी ओतायचे नाही, हाताने शिंपडायचे. पाडव्याला आईंनी मला गॅलरीतून हाक मारली. डब्यात टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी पाने दिसत होती.

त्या दिवसापासून गॅलरी त्यांची झाली. मे महिन्यात लू वाहू लागली की त्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवीत, जुनी चादर बांधून सावली करीत, पहाटे आणि सूर्य मावळल्यावर पाणी घालीत. मोगरा त्याच दिवसांत फुले. पावसाळ्यात जास्वंद आणि शेवंतीच्या फांद्या लावीत. 1996 मध्ये दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ येऊन गेली होती, म्हणून कुंड्यांखालच्या बशा रोज ओतून कोरड्या करायला मी त्यांना शिकवले. दिवस लहान होऊ लागले की शेवंती कळ्या धरी. थंडीत तुळस दक्षिणेच्या खिडकीत येई, रात्री तिच्यावर जुन्या धोतराचे पांघरूण पडे. पाणी घालण्याआधी आई मातीत बोट खुपसून पाहत. कोरडे लागले तरच पाणी, तेही ऊन वर आल्यावर.

तुळस दोन-तीन वर्षांत जून होते. पाने भरपूर यावीत म्हणून मंजिऱ्या खुडतात, पण आई दोन-चार झाडावर पिकू देत. त्यांच्या पुड्या शेजारच्या पंजाबी, बंगाली, तमिळ घरांत गेल्या.

आई 2009 मध्ये गेल्या. आता आम्ही पुण्यात असतो. इथली थंडी दिल्लीइतकी कडक नसते, तरी डिसेंबरात मी कुंडीच्या मुळांना हात लावत नाही. तुमची तुळस या हिवाळ्यात वाळली, तर काड्या टाकून देण्याआधी मंजिऱ्या खुडून ठेवा. माझ्या कपाटात अजून वर्तमानपत्राची पुडी आहे. होळी झाली की ती उघडते.