शेवटचा फर्मा

पाण्यातून काढलं तेव्हा ते पुस्तक भिजलेल्या विटेसारखं जड लागलं. जुलै २०१८. वसई पाण्याखाली, लोकल बंद, वीज गेलेली. चिंचोटीच्या आमच्या घरात पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि लाकडी कपाटाचा खालचा कप्पा बुडाला. मुलांचा हात पोचावा म्हणून त्यांची पुस्तकं मी त्याच कप्प्यात ठेवत असे. भा. रा. भागवतांची ‘चंद्रावर स्वारी’ तिथेच होती.

ज्यूल व्हर्नच्या चांद्रकथेचं हे मराठी रूप बाबांनी किंग्ज सर्कलच्या फूटपाथवरून आणलं होतं. बाबा मुंबईच्या कापड गिरणीत होते. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पहाटे डबा घेऊन निघणारा माणूस दिवसभर घरी दिसू लागला, त्याचं मला आधी अप्रूप वाटलं. आई मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून त्या पुस्तकाचं एकेक प्रकरण मोठ्याने वाचायचे. जमिनीत ओतलेली नऊशे फूट लांबीची तोफ, आत बसलेली तीन माणसं, आणि मग तो धमाका. समोरच्या रस्त्याने भिवंडीकडे जाणारे ट्रक धडधडत गेले की तो धमाका मला खरा वाटायचा.

पुस्तक आलं तेच अपुरं. शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानं, गळालेला होता. गोळा आभाळात होता आणि पुस्तक संपलं होतं.

“पुढे काय झालं?”

“पुढचं तू सांग,” बाबा म्हणाले.

मी पेन्सिल घेतली आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या अस्तरावर चित्र काढलं. गोळा तुंगारेश्वरच्या डोंगरावर उतरलाय, दार उघडलंय, आणि तीन माणसांच्या शेजारी चौथा माणूस हातात डबा घेऊन उभा आहे.

पुढे कॉलेजात कळलं की १८६५ साली व्हर्नने मूळ कादंबरी अशाच जागी सोडली होती. गोळा चंद्राभोवती फिरतोय, आतल्या माणसांचं काय झालं कुणालाच ठाऊक नाही. उत्तरार्ध यायला चार वर्षं लागली, तोवर त्याचे वाचकही ओट्यावरच्या माझ्यासारखेच ताटकळले. त्या उत्तरार्धात ती माणसं प्रशांत महासागरात पडतात आणि वाचतात. तोफेच्या एका झटक्याने खरं तर त्यांचा चेंदामेंदाच व्हायचा. पण उड्डाणासाठी निवडलेलं फ्लोरिडा आणि परतीचा प्रशांत महासागर, ही दोन्ही ठिकाणं अपोलो ११च्या वेळी खरी ठरली. १९६९मध्ये चंद्रावरून परतताना आर्मस्ट्राँगने थेट प्रक्षेपणात व्हर्नची आठवण काढली होती.

मग मी जुन्या मराठी विज्ञानकथा शोधू लागलो. किंग्ज सर्कल, पुण्याचा अप्पा बळवंत चौक, वसईतली रद्दीची दुकानं. भागवतांनी मराठी मुलांना व्हर्नची गोडी लावली, पण ही वाट त्यांच्याही आधीची. १९००च्या सुमारास कृष्णाजी आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः येत होती. पुढे १९१५मध्ये श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली. या आरंभीच्या विज्ञानकथा मासिकांच्या सुट्या अंकांतून वाचल्या गेल्या. अंक बांधून घेताना मुखपृष्ठं आणि जाहिराती फाडून टाकायची पद्धत होती. त्यामुळे कथा हाती लागली तरी ती वाचकाच्या हातात कशा रूपात पडली, ते दिसत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. जुनी चिकटपट्टी, कुणाची सही, ग्रंथालयाचा शिक्का हे सगळं असलेली प्रत मी कोऱ्या करकरीत प्रतीपेक्षा वर मानतो.

ओलं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवलं की बुरशी थांबते, हे मला ठाऊक होतं. पण त्या पुरात विजेविना फ्रीजरचा काय उपयोग! आईने जुनं सुती लुगडं फाडून दिलं. त्याच्या पट्ट्या दर दहा पानांमध्ये घालायच्या, ओल्या झाल्या की बदलायच्या. उन्हात ठेवायचं नाही, नाहीतर कागद वेडावाकडा आकसतो. तीन दिवस आणि दोन रात्री आम्ही दोघं आळीपाळीने बसलो. शेजारी पडलेला गुळगुळीत आर्ट पेपरचा प्राणीकोश पार दगड झाला, एक पान सुटेना. ‘चंद्रावर स्वारी’चा खरखरीत स्वस्त कागद मात्र पाणी प्यायला आणि पाणी सोडून मोकळा झाला.

दुरुस्तीला बसलो ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. तारेची शिलाई गंजून कागद खात होती. बोथट सुरीने तारा उचलल्या, एकेक फर्मा सुटा केला. कॉलेजात असताना मी लावलेल्या चिकटपट्टीचे पिवळे डाग राहिले ते राहिलेच. फाटक्या कडांना जपानी कागदाची पातळ पट्टी लावायची होती. त्यासाठी खळ अशी हवी, की उद्या कुणाला काढावीशी वाटली तर पाण्याने सुटेल. बाजारातला पांढरा डिंक एकदा वाळला की तसा सुटत नाही. अशा खळीला लागतो गव्हाचा शुद्ध स्टार्च. तो कसा काढतात हे वाचून मी आईला सांगू लागलो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून फडक्यातून गाळायचे आणि तळाशी बसेल ते घ्यायचं.

“अरे, हा तर कुरडयांचा चीक!” आई म्हणाली. ती निफाडची. “एवढं इंग्रजीतून वाचलंस होय रे?”

चीक तिनेच काढला, मंद आचेवर काचेसारखा होईपर्यंत घोटला. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. मी घातला नाही. तांब्याचे क्षार कागदाला हळूहळू जाळतात. त्याऐवजी कपाटात वेखंड ठेवलं. पाठीला भिवंडीच्या मागावरचं मांजरपाट लावलं आणि सगळ्यावर आईचा पाटा ठेवला, आठ दिवस.

पूर्ण प्रत एका मित्राकडे मिळाली. त्या सोळा पानांच्या झेरॉक्स काढून आणल्या, पण या पुस्तकात शिवल्या नाहीत. त्या पाकिटात वेगळ्या ठेवल्या. गळालेल्या फर्म्याच्या जागी सोळा कोरी पानं शिवली, कारण बाबांनी वाचलेलं पुस्तक तिथेच थांबतं.

अस्तर सोडवायचं काम मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, हात धजत नव्हता. पहिल्या पानावर बाबांनी शाईच्या पेनाने नाव आणि तारीख घातली होती. तिथे आता तळहाताएवढा निळा डाग आहे, एक अक्षर लागत नाही. तो मी पुसला नाही. मागचं अस्तर ओलसर फडक्याने फुगवून पुठ्ठ्यापासून अलगद उचललं आणि उजेडाकडे धरलं. पेन्सिलीला पाण्याने काही होत नाही. तुंगारेश्वर होता, गोळा होता, उघडं दार होतं, आणि डबा घेतलेला चौथा माणूस. चिकाचा पातळ हात देऊन ते मी पुन्हा त्याच जागी चिकटवलं.