चैन करणे आणि चैन पडणे

मराठीत एक गंमत आहे बघा. मजा 'येते', मौज 'करतात', सुख 'मिळतं', आनंद 'होतो' आणि समाधान... ते बहुतेक वेळा 'मानून घ्यावं' लागतं. क्रियापदंच सगळं सांगून जातात. पण या सगळ्यांत माझा लाडका शब्द म्हणजे 'चैन'. चैन करता येते, आणि चैन पडत नाही! एकाच शब्दाच्या एका टोकाला उधळपट्टी आणि दुसऱ्या टोकाला स्वस्थता. आणि भरपूर चैन केली म्हणून चैन पडेलच, याची अजिबात गॅरंटी नाही.

हे आमच्या आयटीवाल्या मंडळींइतकं कुणाला पटणार? आमच्या आईवडिलांना जी चैन वाटायची, म्हणजे हॉटेलात जेवण, एसी, चारचाकी, ती आम्हाला सोय वाटते. सोमवार ते शुक्रवार राबायचं, शनिवार-रविवार ठरवून मजा करायची, आणि रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास पोटात गोळा आणायचा. मजा तर आली ना? सिनेमा झाला, ब्रंच झाला, ऑनलाइन दोन वस्तू मागवून झाल्या. मग हा गोळा कसला?

माझं मत असं, की आपण एका गोष्टीच्या भुकेला दुसरीच गोष्ट खायला घालतोय.

सिंहगडाचं उदाहरण घ्या. पुणेकरांना वेगळं सांगायला नको. गडावर जायचे दोन मार्ग. एक म्हणजे गाडी काढायची, घाटरस्त्याने थेट वर जायचं. दुसरा म्हणजे आतकरवाडीतून पायी चढायचं. तास-सव्वा तास लागतो, पोटऱ्या भरून येतात, मध्येच 'झक मारली आणि आलो' असंही वाटतं. आता वर मिळणारं पिठलं तेच, भाकरी तीच, मटक्यातलं दहीसुद्धा तेच. पण चढून आलेल्याचं पिठलं आणि गाडीतून उतरलेल्याचं पिठलं एक नसतं. जिभेला मिळणारी चव कदाचित सारखीच असेल, पण चढून आलेल्याला आणखी काहीतरी मिळालेलं असतं, जे कुठल्याही मेन्यूकार्डावर नसतं. आणि गंमत म्हणजे त्या 'आणखी काहीतरी'चा मोठा हिस्सा चढताना अजिबात सुखाचा नव्हता.

हा शोध काही माझा नाही. कठोपनिषदात यम नचिकेताला नेमका हाच फरक सांगतो. प्रेयस म्हणजे प्रिय वाटणारं, श्रेयस म्हणजे भलं करणारं. हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य, अप्सरा अशी भलीमोठी 'ऑफर' यमाने त्या पोराला दिली होती आणि पोराने ती नाकारली. (जॉइनिंग बोनस नाकारलेला पहिला उमेदवार. :)) गीतेच्या अठराव्या अध्यायात तर सुखाचे चक्क प्रकार पाडलेत. एक सुरुवातीला विषासारखं लागतं आणि शेवटी अमृत होतं, दुसरं नेमकं उलटं. तिकडे ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलही म्हणत होता की खरं सुख ही मनाची गोड अवस्था नाही, तर चांगल्या रीतीने जगण्याची कृती आहे.

पण हे सगळं आपल्याला माहीत असतं हो! शाळेपासून ऐकतोय. खरा प्रश्न असा, की माहीत असूनही रात्री अकरा वाजता हातात पुस्तकाऐवजी फोन का येतो?

इथे विज्ञानाची एक फार छान गोष्ट आहे. १९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. उंदराने दांडी दाबली की मेंदूच्या एका भागाला विजेचा हलका झटका मिळायचा. उंदीर दांडी दाबतच सुटले! लोकांना वाटलं, सापडलं, हेच मेंदूतलं सुखाचं केंद्र. पुढे या भागाशी डोपामिन या रसायनाचा संबंध जोडला गेला आणि डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन हे घरोघरी पोचलं.

मग मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. डोपामिन जवळजवळ संपवून टाकलेल्या उंदरांच्या तोंडात त्यांनी साखरेचं पाणी घातलं. उंदीर आधीसारखेच मिटक्या मारत होते. म्हणजे गोडी कळत होती, आवडत होती. फक्त त्या गोडीसाठी उठून जायची इच्छा नव्हती. समोर अन्न ठेवलं तरी ते उपाशी राहिले असते, त्यांना भरवावं लागलं. याचा अर्थ असा, की मेंदूत 'हवंसं वाटणं' आणि 'आवडणं' या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. आणि डोपामिनचा मुख्य संबंध 'हवंसं'शी आहे, 'आवडण्या'शी नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चहा बाजूला ठेवून परत एकदा वाचलं. कारण मग रात्री अकराच्या फोनचा उलगडा होतो. एखादी गोष्ट प्रचंड हवीशी वाटू शकते आणि तरी ती मिळाल्यावर फारशी आवडत नाही. चाळीस मिनिटं रील्स बघून फोन खाली ठेवताना कुणाचा चेहरा फुललेला बघितलाय का तुम्ही? मी नाही बघितला. आरशातही नाही.

आता जरा आपल्याच धंद्याबद्दल. पूर्वी वेबसाइटवर यादी संपली की खाली 'पुढचं पान' असायचं. ते दाबायला लागायचं, आणि दाबायच्या आधी अर्धा सेकंद का होईना डोक्यात यायचं, पुरे आता. २००६ साली अझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली आणि तो अर्धा सेकंद गेला. पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. इंजिनियर म्हणून बघाल तर ती रचना सुरेखच आहे, वापरणाऱ्याची एक कटकट वाचवली. पण ती कटकट म्हणजेच दार होतं, बाहेर पडायचं!

आपल्या जेवणात बघा, हे दार किती प्रेमाने ठेवलंय. वरणभाताने सुरुवात आणि शेवटी मागचा भात. ताकभात पानात आला की पोटाला आपोआप कळतं, आता आवरतं घ्यायचं. मग तृप्तीचा ढेकर. तृप्तीला शेवट लागतो मंडळी. ज्याला शेवट नाही त्याने पोट भरतं, कधी कधी फुटायलाही येतं, पण तृप्ती होत नाही.

बरं, फोनला शिव्या घालून विषय संपत नाही. त्याहून मोठा अडथळा आहे, आणि तो दोन अक्षरी आहे. 'मग'.

एकदा कॅम्पसमधून नोकरी लागू दे, मग निवांत. एकदा ऑनसाइट होऊ दे, मग. एकदा फ्लॅटचं पझेशन मिळू दे, मग. एकदा कर्ज फिटू दे, पोरगं दहावी होऊ दे, मग... आपल्या भाषेत सांगायचं तर हा असा लूप आहे, ज्याची एक्झिट कंडिशन दर फेरीत स्वतःलाच पुढे सरकवते. कोड रिव्ह्यूमध्ये असं कुणी लिहून आणलं तर आपण त्याला तासभर लेक्चर देऊ. स्वतःच्या आयुष्यात मात्र तोच कोड वीस-वीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू!

याचा अर्थ पैसा फालतू आहे असं मी म्हणत नाहीये. ज्यांचं पोट भरलंय त्यांनीच हे वाक्य म्हणावं असा संकेत आहे, आणि ते ऐकायला फार वाईट लागतं. यावरचा अभ्यासही मजेशीर वळणं घेत गेलाय. २०१० साली डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून सांगितलं, की वर्षाला साधारण ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचा मूड पैशाने सुधारत नाही. २०२१ साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी दाखवलं, की सुधारतच राहतो. मग भांडत बसण्याऐवजी काहनेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी एकत्र बसून सगळं पुन्हा तपासलं (हे आपल्या ऑफिसात कधी होणार!) आणि २०२३ साली निष्कर्ष दिला. बहुतेक लोकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, पण सगळ्यात दुःखी अशा साधारण २० टक्के लोकांचं एका टप्प्यानंतर वाढायचं थांबतं. म्हणजे ज्याचं दुःख पैशाच्या टंचाईचं नाही, त्याला पैसा ठरावीक मर्यादेपर्यंतच हात देतो.

आणखी एक. ही वाढ लॉगरिदमिक आहे. पगार एक लाखाचा दोन लाख झाल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढाच पुन्हा पडायला दोनाचे चार व्हावे लागतात, मग चाराचे आठ. तिकडे आपले तास मात्र दिवसाला चोवीसच. हे गणित ज्याला कळलं त्याने पगारवाढ नाकारू नये, पण तिच्याकडून फार अपेक्षाही ठेवू नयेत.

आता जरा घरचं सांगतो. काही वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. बहीण परदेशात, वडील नाहीत. चार महिने घरून काम आणि आईचं सगळं, असं चाललं होतं. रात्री दोनदा उठायचं, सकाळी साडेसहाला व्यायाम, नऊला स्टँड-अप कॉल. त्या चार महिन्यांत मी एक सिनेमा पाहिला नाही, एक ट्रेक केला नाही. मजेच्या खात्यात शून्य.

वॉकर घेऊन पलंगापासून गॅलरीपर्यंत जायचा सराव असायचा. पहिल्या दिवशी चार पावलं. मी शेजारी हात धरायच्या तयारीत, मोठ्याने मोजत. आई घामाघूम.

"किती झाली रे?"

"बारा."

"काल दहा होती ना?"

"हो."

"मग उद्या गॅलरी. आणि तू जरा लांब उभा राहा, तू जवळ असलास की मला पडेन असं वाटतं."

त्या दिवसांतल्या कुठल्याही संध्याकाळी तुम्ही मला फोन करून विचारलं असतं, "काय रे, खूश आहेस का?", तर मी "नाही, झोप हवीये" असंच म्हटलं असतं. आणि ते खरंच होतं. पण आज गेल्या दहा वर्षांतला भरीव काळ कुठला असं विचाराल तर मी क्षणाचाही विचार न करता ते चार महिने सांगेन. त्याच वर्षी पुढे कंपनीने आम्हाला गोव्याच्या एका पंचतारांकित हॉटेलात तीन दिवस नेलं होतं. छान होतं असणार. मला स्विमिंग पूलचा निळा रंग तेवढा आठवतो.

दुःखातच सुख असतं वगैरे गोड बोलायचा माझा हेतू नाही. माझे चार महिने होते, आणि ती बरी होणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. जे लोक वर्षानुवर्षं आजारपण काढतात, ज्यांच्या घरी रोज दोन पावलं कमीच होत जातात, त्यांना यातलं काही ऐकवायला जाऊ नये. त्यांना रविवारी चार तास सुट्टी द्यावी, ते जास्त उपयोगाचं.

पण मग त्या बारा पावलांत असं काय होतं? मला वाटतं, तीन गोष्टी. माझी तिथे खरोखर गरज होती. काल आणि आजमध्ये फरक दिसत होता, दोन पावलांचा का होईना. आणि तिसरी, मन दुसरीकडे जाऊच शकत नव्हतं. याच किलिंग्जवर्थ यांनी डॅनियल गिल्बर्ट यांच्याबरोबर २०१० साली २,२५० माणसांना दिवसात अधूनमधून फोनवर विचारलं होतं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? ४६.९ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं, आणि भटकणारं मन हातातल्या कामात असलेल्या मनापेक्षा कमी सुखी होतं. वॉकर धरलेली आई शेजारी असताना मन भटकायची काय बिशाद!

आता आतकरवाडीची वाट आठवा. काल जमलं नाही ते आज जमतंय, पायाखालच्या दगडावर लक्ष द्यावं लागतंय, मागे राहिलेल्या मित्राला हात द्यावा लागतोय. तेच तीन घटक. आणि वर पिठलंभाकरी आहेच की! मजेशी भांडण कुणाचंय? पिठलं खावं, सिनेमा बघावा, नवा फोनही घ्यावा. फक्त पिठल्याकडून गड चढल्याचं समाधान मागू नये. ते बिचारं देऊ शकत नाही. आणि मग आपण अजून एक प्लेट मागवतो.

तर असो. मी हल्ली स्वतःपुरती एक साधी टेस्ट केस ठेवलीये. वीकएंडला काही ठरवताना 'हे करायला मजा येईल का' हे तर विचारतोच. पण त्याबरोबर 'हे करून झाल्यावर कसं वाटेल' हेही विचारतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हवंसं' देतं, त्यामुळे ते कायम 'हो'च असतं. दुसऱ्याला जरा वेळ लागतो. कधी कधी दोन्हींचं उत्तर 'हो' येतं, तेव्हा तर काय, सोन्याहून पिवळं.

या प्रश्नाच्या भरवशावर परवा एका मित्राकडे गेलो. त्याची नोकरी गेलीये आणि तो कुणाचेच फोन उचलत नव्हता. जायचं अजिबात मनात नव्हतं, शनिवारची दुपार, बाहेर रणरणतं ऊन. तीन तास बसलो, त्याचा रेझ्युमे नीट केला, दोनदा चहा झाला. परत येताना ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो.

त्या रविवारी रात्री पोटात गोळा आला नाही.