चार इंची व्हाइस

चिंचवडच्या संभाजीनगरातलं वन रूम किचन. पाय पसरायची पंचाईत, पण बाल्कनीचा एक कोपरा कायमचा अडलेला. लेकीच्या लग्नात पाहुणे उतरले, रंगकाम झालं, वॉशिंग मशीन आलं. ते बाथरूममध्ये कोंबलं, हा हलला नाही. चार बोल्टांवर ठाण मांडून बसलेला चार इंची व्हाइस. चार इंच ही जबड्याची रुंदी. अंग बिडाचं, जबड्यांना दातेरी पोलादी पट्ट्या, आणि स्वभाव एकच: धरलं की सोडायचं नाही.

आल्या आल्या त्याने लाड करून घेतले. जागा वाचावी म्हणून रिटायर्ड फिटर काकांनी घडीची फळी लावली, तर कानस चालवताच ती डुलायला लागली. मग अँगलचा घोडा आला, वर दोन इंची जाड लाकूड. घोडा जखडला तो बाहेरच्या सहा इंची भिंतीला. आतली चार इंची भिंत धक्के खाऊन बोल्ट ओकते. उंची काकांच्या कोपराइतकी, नाहीतर कंबर धरते. मागचा जबडा फळीच्या कडेबाहेर किंचित डोकावतो, म्हणजे लांब पाइपही उभा धरता येतो.

पुढचा जबडा हँडलबरोबर मागेपुढे नाचतो. मागचा घरातल्या थोरल्यासारखा जागचा हलत नाही, म्हणून हातोडीचा मार त्याच्या दिशेनेच द्यायचा. उलटा दिला तर स्पिंडलचे आटे जातात. हँडलला पाइप अडकवून आवळणं त्याला खपत नाही. बीड वाकून इशारा देत नाही, सरळ तुटतं. पितळी तोटी धरायची तर आधी जबड्यांवर तांब्याच्या पट्ट्या चढवायच्या. मग एक ओरखडा उठत नाही.

परदेशात काही हौशी नेमबाज घरच्या अशाच बाकावर झाडलेली काडतुसं पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम परवान्याशिवाय दारूगोळा बनवू देत नाही, आणि जवळच खडकीला त्यासाठी १८६९पासून अख्खा कारखाना आहे. या बाकावर येतात कुकरच्या दांड्या, सायकलची पेडलं, शिलाई मशीनचे सुटे भाग. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे याला ओव्हरटाइम. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दुपारच्या ठोकाठोकीबद्दल तक्रार केली, तेव्हा घोड्याखाली रबर आलं. पुढच्याच आठवड्यात त्या स्वतः विळीचं पातं घेऊन हजर!

खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांना झेंडूचे हार पडतात, तसा यालाही पडतो. या घरातलं शस्त्र हेच.

नवा फ्लॅट बघताना लोक मॉड्युलर किचनची चौकशी करतात. बिल्डरला बाल्कनीची भिंत किती इंची आहे, हेही एकदा विचारून घ्या.