साडेसात एचपीची रेघ

6 जून 2024

दुपारी लाइट गेली. आमच्या चांदीच्या कारखान्यात आटणी चालू होती. भट्टी निवत गेली तशी चांदी मुशीतच थिजली. आता ती पुन्हा तापवायची म्हणजे तेवढीच वीज पुन्हा जाळायची, शिवाय थोडी तूट सोसायची. झाळ लावायला बसलेल्या बायका तासभर वाट बघून उठल्या. त्यांची मजुरी कामाच्या वजनावर ठरते. गेलेला तास त्यांना कुणी भरून देत नाही.

आजच्याच तारखेला, 2005 साली, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची विभागणी झाली. वीज तयार करणारी महानिर्मिती, ती वाहून नेणारी महापारेषण, घरोघर पोचवणारी महावितरण आणि या तिघींवर सूत्रधारी कंपनी. केंद्राच्या 2003 च्या विद्युत कायद्याने ते करायलाच लावलं होतं. आमच्या दारात मात्र लोक अजून 'एमएसईबीचा माणूस आला' असंच म्हणतात.

माझ्या मते खरी सुधारणा त्याच्या आधीच सुरू झाली होती. 1999 मध्ये वीज नियामक आयोग आला आणि दरवाढीचा हिशेब मंडळाला लोकांसमोर मांडणं भाग पडलं. त्याआधी वर्षानुवर्षे मंडळ वीजगळती पंधरा टक्क्यांच्या आसपास दाखवत होतं. आयोगाने कागद मागवले, पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यास संस्थांनी प्रश्न विचारले, आणि गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचं उघड झालं. मधली वीज कुठं दाखवली जात होती? शेतीपंपांच्या नावावर. 1977 पासून पंपांना अश्वशक्तीवर ठोक दर होता, मीटर नव्हते. मीटर नसलेल्या पंपाने किती वीज ओढली हे कागदावर हवं तसं लिहिता येतं. चोरी, जुनाट तारा, न झालेली बिलं, सगळं शेतकऱ्याच्या खात्यावर चढलं, आणि 'शेतकरी फुकट वीज वापरतो' हे शहरातल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं.

शेजारच्या इचलकरंजीत प्रताप होगाडे यांनी वीज ग्राहक संघटनेच्या वतीने हीच गोष्ट आयोगापुढे किती वर्षं मांडली! यंत्रमागवाला आणि शेतकरी या दोघांची बाजू एकाच माणसाने मांडावी, हे मला फार मोलाचं वाटतं. एरवी दोघांना एकमेकांसमोर उभं करणं सोपं असतं.

20 जून

मंडळाची स्थापना 20 जून 1960 ची. आणि एन्रॉन कंपनीशी दाभोळच्या वीज प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला तो 20 जून 1992 ला. दोन्ही तारखा एकाच पानावर लिहिताना मन जड होतं.

दाभोळबद्दल लोकांना राजकारण आठवतं. मला करारातली कलमं आठवतात. वीज घ्या वा न घ्या, प्रकल्पाच्या क्षमतेचे पैसे द्यायचे. बरीचशी देणी डॉलरशी बांधलेली, त्यामुळे रुपया घसरला की बोजा आपल्यावर. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी, तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी. प्रकल्प एवढा मोठा आणि वीज एवढी महाग की तो परवडणार नाही, असं सांगून जागतिक बँकेनेच 1993 मध्ये कर्जाला नकार दिला होता. तरीही त्या डिसेंबरात करारावर सह्या झाल्या. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 च्या मे महिन्यात मंडळाने ती वीज घेणं थांबवलं. या व्यवहाराची तपासणी करणाऱ्या माधव गोडबोले समितीचा अहवाल वाचला की कळतं, निर्णयाच्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी विचारायला हवं होतं आणि विचारलं गेलं नाही.

पैसा उभा करणं वाईट नाही. कर्ज काढल्याशिवाय खांब उभा राहत नाही. पण ते फिटणार आहे ते गिऱ्हाइकाच्या बिलातून. त्याने करार वाचायचाच नाही, हे कसं चालेल?

29 जून

काल अर्थमंत्री अजित पवारांनी राज्याच्या अर्थसंकल्पात जाहीर केलं: साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज. 44 लाखांहून जास्त शेतकरी. सकाळी पेपर घेऊन दादा कारखान्यात आला. आमचं घर एकत्र आहे. ऊस तो बघतो, चांदी मी.

मी म्हटलं, "चला, तुमचं पाण्याचं बिल गेलं."

दादा म्हणाला, "कुठलं जातंय? आपला पंप हाय का? आपलं पाणी संस्थेचं."

त्याचं म्हणणं मला दिवसभर पुरलं. कोल्हापूर-सांगलीकडे नदीवरून पाणी उचलायला शेतकऱ्यांनी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या. अर्धा-एक एकरवाला एकट्याने मोटर, पाइपलाइन, ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार? म्हणून शेकडो जणांनी मिळून एक मोठी मोटर बसवली. ती साडेसात एचपीच्या कितीतरी वर. म्हणजे जो एकटा विहीर पाडू शकला त्याला वीज मोफत, आणि जे शेजाऱ्याबरोबर वाटून घेत आले त्यांना बिल. संस्थांना दरात सवलत आहे, पण बिल भरावंच लागतं, ते पाणीपट्टीत येतं आणि उसाच्या बिलातून कापलं जातं. जी पद्धत सरकारने डोक्यावर घ्यायला हवी, तीच या रेघेच्या बाहेर राहिली.

मोफत वीज तशी नवी नाही. 2004 मध्ये निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतीपंपांना मोफत वीज दिली होती. निवडणूक झाल्यावर पुढच्या वर्षी ती विलासराव देशमुखांच्या सरकारने काढून घेतली, कारण तिजोरीला झेपेना. यंदाही विधानसभा तोंडावर आहे.

संध्याकाळी कारखान्याचं बिल समोर ठेवलं. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. यातला किती भाग माझ्या विजेचा आणि किती दुसऱ्याच्या सवलतीचा, हे कुठंच छापलेलं नाही. मला शेतकऱ्याची सवलत खुपत नाही, माझ्याच घरातला भाऊ शेतकरी आहे. पण ती चांदीच्या कारागिराच्या युनिटमध्ये मिसळून का वसूल करायची? ती राज्याच्या अर्थसंकल्पात उघड लिहावी, विधानसभेने मंजूर करावी आणि पैसे वेळेवर कंपनीला द्यावेत. शेतीपंपांची थकबाकी पन्नास हजार कोटींच्या पुढे गेल्याचं आपण ऐकतो. त्यातली किती खरी आणि किती अंदाजाच्या युनिटांवर चढलेली, हे ठरवल्याशिवाय कुठली बँक त्या कंपनीला स्वस्तात पैसे देईल?

याच महिन्यात सरकारने सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नसल्याचं सांगितलं. गल्लीत आनंद झाला. मलाही घरात आधी पैसे भरून वीज नको. पण शेतीच्या फीडरवर आणि ट्रान्सफॉर्मरवर चोख मीटर हवेत, आणि त्यांचं वाचन गावाला बघायला मिळायला हवं. मोजायला सुरुवात करायची ती जागा आहे.

8 जुलै

पाऊस धरलाय. दादाला शेतीसाठी या आठवड्यात रात्रीची लाइट. पावसाळ्यात एक बरं, पाणी पाजायला जावं लागत नाही. उन्हाळ्यात मात्र रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात शिरावं लागतं, साप, रानडुक्कर, ओली पेटी. 2022 च्या फेब्रुवारीत शेतकरी नेते राजू शेट्टी दिवसा दहा तास विजेसाठी कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयापुढे धरणं धरून बसले होते, ते याचसाठी. त्या धरण्यात दादा होता.

त्या मागणीचं उत्तर सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत आहे असं मला मनापासून वाटतं. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर पॅनेल लावायची, वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. मार्चमध्ये सुमारे 9 हजार मेगावॅटच्या कामांची पत्रं दिली गेली, दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. महावितरणला एरवी युनिट पोचवायला सरासरी आठ रुपयांच्या वर खर्च येतो. तारांचा खर्च वेगळा धरला तरी फरक मोठा आहे. गुंतवणूक खासगी कंपनीची, कर्ज बँकेचं, केंद्राचं अनुदान, जमीनवाल्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं, ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख. दर रुपयात आणि बोली लावून ठरलेला. दाभोळपेक्षा हा पाया कितीतरी सरळ आहे.

अडचणीही आहेत. आमच्याकडे उसाची बागायत जमीन या भाड्यात कोण देईल? मग नजर गायरानावर जाते, आणि गुरं चारणारा विचारतो, आम्ही कुठं जायचं? त्याला ग्रामसभेत उत्तर मिळालं पाहिजे, पोलीस बंदोबस्तात नव्हे. आणि करार पंचवीस वर्षांचे आहेत. सह्या झाल्या की मराठीत करून ते तालुक्याला ठेवावेत.

26 जुलै

पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली. नदीकाठच्या मोटरी लोकांनी आधीच वर काढल्या. 2019 च्या पुरात विजेची उपकेंद्रंच पाण्यात गेली होती आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या वायरमन मंडळींनी छातीभर पाण्यात काम केलं. त्या माणसांचा पगार, त्यांचे हातमोजे, त्यांच्या रिकाम्या जागा याही सुधारणेच्या हिशेबात याव्यात.

काल मोफत विजेचा शासन निर्णय निघाला. आधीची सवलत 6,985 कोटी आणि वाढीव 7,775 कोटी, मिळून वर्षाला 14,760 कोटी. रक्कम एका कागदावर स्पष्ट आली, हे मला चांगलं वाटलं. संस्थांचं नाव त्यात नाही.

दादाला म्हटलं, "तुझ्या संस्थेच्या सभेत ठराव मांड. सभासदामागे एचपी धरा म्हणावं. मोटर शंभरची असली आणि सभासद दोनशे असले, तर माणशी अर्धाच एचपी पडतो."

तो म्हणाला, "लिहून दे. सेक्रेटरीकडं आजच नेतो."

ठराव लिहायला घेतलाय. खाली दुसरं कलम घालतोय: आमच्या फीडरवर महिन्याला किती युनिट आले आणि किती संस्थांच्या व पंपांच्या नावावर लावले, याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी.