मणके जुळले, पुढे काय?

मराठी माणसाच्या मणक्यात एक तर 'गॅप' असते, नाहीतर त्याची 'गादी सरकलेली' असते. तिसरा आजार आपल्याकडे नाही. कुठल्याही लग्नात जेवणाच्या रांगेत कंबरेचा विषय काढून बघा. एक जण शर्टाखालचा पट्टा दाखवतो, दुसरा कुठल्यातरी गावच्या मणका बसवून देणाऱ्याचा पत्ता देतो आणि तिसरा आवाज खाली आणून सांगतो, "काहीही कर, पण मणक्याचं ऑपरेशन करू नकोस. आमच्या शेजारचे एक जण कायमचे आडवे झाले."

गेला दीड महिना या तिसऱ्या माणसाचं म्हणणं मी जरा गंभीरपणे तपासतोय. कारण ताई. वय ४४, शाळेत शिक्षिका, अडीच वर्षं कंबर दुखतेय. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत, पण वीस-पंचवीस मिनिटांच्या वर बसवत नाही. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हची चकती झिजलेली दिसली आणि एका सर्जननी फ्यूजन सुचवलं. "दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतोस ना, मग जरा हेही बघ," इति ताई.

फ्यूजन म्हणजे दोन मणक्यांमधली हालचाल कायमची बंद करायची. स्क्रू आणि सळया लावून मणके धरून ठेवायचे, मध्ये हाडाचे तुकडे भरायचे, आणि काही महिन्यांत तिथे हाड धरून दोनाचा एक मणका होतो. १९११ साली न्यूयॉर्कच्या रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोघांनी हे ऑपरेशन वेगवेगळं मांडलं, तेही मणक्याच्या टीबीसाठी. म्हणजे मुळात हा ढासळणारा कणा थोपवायचा उपाय. नुसत्या कंबरदुखीसाठी तो नंतर वापरात आला, आणि घोळ तिथेच आहे.

आमच्या घरात एक फ्यूजन आधी झालेलं आहे. मावशीचं, २०१३ साली. तिचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे घसरला होता आणि नसांची वाट अरुंद झाली होती. दोनशे पावलं चाललं की पाय भरून यायचे. पण "डी-मार्टात मला काही होत नाही" असं ती म्हणायची आणि आम्ही सगळे तिची थट्टा करायचो. तिचं बरोबर होतं! ट्रॉलीवर रेलून, पुढे वाकून चाललं की नसांना जागा मिळते. डॉक्टरलोक हा प्रश्न मुद्दाम विचारतात. मावशी आता सत्तरीची आहे आणि रोज सकाळी तळजाईला जाते. लग्नातल्या त्या तिसऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं.

पण इथेही एक मेख आहे. तिच्या ऑपरेशनात दोन कामं झाली : नसांवरचा दाब काढला आणि मणके जोडले. यातलं नक्की कशाने बरं वाटलं? स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर हीच तुलना केली, निम्म्यांचा फक्त दाब काढला, निम्म्यांचे मणकेही जोडले. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही फरक नाही (२०१६). त्याच वर्षी आलेल्या ६६ जणांच्या छोट्या अमेरिकन अभ्यासात मात्र जोडलेले लोक किंचित सरस निघाले आणि त्यांची पुन्हा ऑपरेशनंही कमी झाली, १४ टक्के विरुद्ध ३४. मग २०२१मध्ये नॉर्वेने मणका घसरलेल्या २६७ जणांवर दाखवलं की नुसता दाब काढणं कमी पडत नाही. थोडक्यात, मोठमोठी माणसं अजून भांडतायत. मावशीला यात काडीचा रस नाही, आणि तेही बरोबरच आहे.

ताईचं प्रकरण वेगळं आहे. तिचा मणका घसरलेला नाही, नस दबलेली नाही. फक्त दुखतंय आणि चकती झिजलेली दिसतेय. अशा रुग्णांवर पहिला मोठा प्रयोग स्वीडनमध्येच झाला, २९४ जणांवर (२००१). दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांची कंबरदुखी सरासरी ३३ टक्क्यांनी कमी झाली, बाकीच्यांची ७ टक्क्यांनी. केवढा फरक! पण 'बाकीच्यां'ना मिळाली होती ती नेहमीची फिजिओथेरपी. म्हणजे जी करून करून ते आधीच कंटाळले होते, साधारण तीच.

मग इंग्लंडमध्ये ३४९ जणांवर अभ्यास झाला (२००५). तिथे ऑपरेशनच्या समोर नीट आखलेला कार्यक्रम ठेवला : आठवड्याचे पाच दिवस, तीन आठवडे, सरासरी ७५ तास. व्यायाम, पाण्यातला व्यायाम, आणि 'दुखलं म्हणजे काहीतरी मोडलं' ही भीती काढण्यासाठी बोलणं. मोजमाप ऑस्वेस्ट्री नावाच्या प्रश्नावलीने : बसणं, चालणं, उचलणं, झोप वगैरे दहा प्रश्न, शंभरपैकी मार्क, जितके जास्त तितकी अवस्था वाईट. दोन वर्षांत ऑपरेशनवाले ४६.५ वरून ३४ वर आले, व्यायामवाले ४४.८ वरून ३६.१ वर. फरक असलाच तर चारेक मार्कांचा. आणि आकडे नीट बघा, बरे दोघंही झाले, पण ठणठणीत कुणीच नाही.

मला हवं होतं ते पुढचं. दहा वर्षांनी काय? हा इंग्लंडचा आणि नॉर्वेचे दोन असे तीन अभ्यास एकत्र करून सरासरी अकरा वर्षांनी त्या लोकांना पुन्हा गाठलं (२०१३). दोन गटांतला फरक एका मार्कापेक्षाही कमी. आता, मूळच्या ४७३पैकी २६१च लोक हाती लागले, आणि व्यायामाच्या गटातल्या बऱ्याच जणांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं होतं. इंग्लंडमध्ये तर पहिल्या दोन वर्षांतच २८ टक्क्यांनी. त्यामुळे हा डेटा काही फार स्वच्छ नाही. पण ऑपरेशन खरंच फार पुढे असतं, तर इतक्या वर्षांत कुठेतरी दिसलं असतं.

माझ्या जुन्या टीम लीडने छत्तिसाव्या वर्षी हेच ऑपरेशन केलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. एक्स-रे म्हणजे पुस्तकात छापावा असा, हाड मस्त जुळलंय. तरी चाळीस मिनिटांचा अलार्म लावून उठतो आणि विमानात शेवटच्या रांगेजवळ उभा राहतो. "बिल्ड सक्सेसफुल आहे रे, पण युजर अजून तिकिटं टाकतोय," हे त्याचंच वाक्य. पश्चात्ताप होतो का, असं विचारलं, तर म्हणाला, "नाही. तेव्हा मला काहीतरी करायलाच हवं होतं." त्या पहिल्या स्वीडिश अभ्यासातल्या लोकांना तेराएक वर्षांनी विचारलं तेव्हाही असंच निघालं. ऑस्वेस्ट्रीत धड फरक नाही, पण 'एकंदर बरं आहे' म्हणणारे ऑपरेशनच्या बाजूला जास्त. मला हे खोटं समाधान वाटत नाही. प्रश्नावलीत न मावणारंही काही असतं.

शेजारच्या मणक्यांचंही बघायला हवं. पाच सर्व्हरपैकी एक काढला की त्याचा लोड बाकीच्यांवर जातो, तसंच. २००४च्या एका अमेरिकन अभ्यासात २१५ फ्यूजनवाल्यांचा हिशोब मांडला : शेजारच्या सांध्यासाठी पुन्हा ऑपरेशनची पाळी येण्याची शक्यता पाच वर्षांत १६.५ टक्के, दहा वर्षांत ३६.१. यातलं किती फ्यूजनमुळे आणि किती वयामुळे, यावर वाद आहे. पण ४४ व्या वर्षी 'पुढची दहा वर्षं' हा किरकोळ प्रश्न नाही.

आणि ती झिजलेली चकती? काहीही दुखत नसलेल्या ३११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५मध्ये आला. चाळिशीतल्या ६८ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्याच होत्या. विशीतल्यांच्यासुद्धा ३७ टक्के! म्हणजे ताईच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून जास्त रिपोर्ट तिच्यासारखेच येतील.

(हे वाचून कुणी घरी बसू नका. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पाऊल लुळं पडणं, कंबरदुखीबरोबर ताप, वजन आपोआप उतरणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वर जे लिहिलंय ते त्या लोकांसाठी नाही.)

खरी अडचण त्या ७५ तासांची आहे. आपल्याकडे फिजिओ म्हणजे दहा सिटिंग, शेक, मशीनच्या गुदगुल्या आणि व्यायामाचा झेरॉक्स कागद. ऑपरेशनचे लाखो रुपये मेडिक्लेम देतो, पण ॲडमिट न होता तीन आठवडे रोज पाच तास व्यायाम केला, तर बहुतेक पॉलिसींत दमडी मिळत नाही. माझा सर्जनवर राग नाही, पण या हिशोबावर आहे.

ताईने दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं. त्यांनी मणका घसरतोय का ते बघायला वाकून आणि ताठ उभं राहून एक्स-रे काढायला लावले. घसरत नाही. "सहा महिने मन लावून व्यायाम करा, मग या," म्हणाले. सध्या रोज सकाळी साडेसहाला ती एका फिजिओबाईंकडे जाते. पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, तेव्हा फोन करून म्हणाली, "तुझ्या त्या इंग्लंडवाल्यांना सांग, माझ्या वर्गाला एक दिवस शिकवून दाखवा."

गेल्या रविवारी तिच्याकडून ऑस्वेस्ट्री भरून घेतली. प्रश्न मी वाचायचे, उत्तरं तिने द्यायची. आठव्या प्रश्नावर, जो नवरा-बायकोतल्या संबंधांबद्दल आहे, तिने कागदच ओढून घेतला : "हा तू वाचायचा नाहीस." एक प्रश्न गाळला तर पन्नासऐवजी पंचेचाळीसपैकी मोजायची सोय आहे. पंचेचाळीसपैकी अठरा, म्हणजे चाळीस. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मोजणार आहोत.