बूस्टरला एक खटका

रविवार. घरी जुळवलेलं गिटारचं बूस्टर पेडल पुन्हा उघडलं. आत एक ट्रान्झिस्टर, मोजकेच रेझिस्टर, दोन कपॅसिटर. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने 1960 च्या दशकाच्या अखेरीस काढलेल्या एलपीबी-1 चाच आराखडा. आवाज दणकून वाढतो, पण खर्जही तेवढाच फुगतो आणि सोलो बेसच्या गोंगाटात हरवतो. इलाज सुरुवातीच्या कपॅसिटरमध्ये. तो 100 नॅनोफॅरडचा असेल, तर साधारण 40 हर्ट्झपासून वरचं सगळं आत येतं, 4.7 चा लावला की आठ-नऊशेच्या खालचं गळू लागतं. लंडनच्या डॅलस रेंजमास्टर या जुन्या बूस्टरची धार याच युक्तीची. तिथे 5 नॅनोफॅरड होता.

म्हणून छोटा कायम ठेवला, मोठा खटक्यातून त्याला समांतर जोडला. खटक्याच्या दोन टोकांमध्ये 2.2 मेगओहमचा रेझिस्टर मात्र हवाच. नाहीतर एका टोकाने लोंबकळणारा मोठा कपॅसिटर जोडला जाताक्षणी ॲम्पमधून 'ठप्प' असा आवाज येतो, आणि तोही (हमखास!) गाण्याच्या हळव्या जागी.

रेंजमास्टरमधल्यासारख्या जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा मोह मलाही होतो. पण त्याच्या शोधात दुकानं पालथी घालण्याआधी हा खटका बसवून बघा.